म्हस्कू मिस्त्रीचा जिना

म्हस्कू मिस्त्रींची आठवण निघाली की माझं डोकं तापतं. त्यांच्यावर नाही; त्या माणसावर रागवावं असं त्यांनी माझ्या माहितीत कधी काही केलं नाही. डोकं तापतं ते माझ्यावर, पुण्यातल्या एका छापखान्यावर, आणि डोळ्यांपेक्षा छापील कागदावर जास्त विश्वास ठेवणाऱ्या आमच्या दोन तालुक्यांवर. इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही उतरत नाही.

नव्वदच्या दशकात बारामतीत माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, असा सगळा पोटापाण्याचा मामला. उसाला आणि द्राक्षांना तेव्हा बरे दिवस आले होते आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत शेताशेतांत बंगले उठत होते. पुण्याचे एक आर्किटेक्ट ते बंगले काढून देत. काम पूर्ण झालं की फोटो काढायला मला बोलावत. मी खूश झालो. लग्नात नवरदेव हलतो, करवल्या हलतात, भटजी मध्येच येतात. म्हटलं, घर तरी जागेवर थांबेल.

घर थांबतं हो, पण घराचा मालक थांबत नाही. गवंड्यानं महिनाभर छिन्नी चालवून घडीव दगडाची भिंत उभी करावी आणि मालकानं तिच्यावर खताच्या दुकानाचं कॅलेंडर टांगावं. सागवानी दारावर कोरलेली वेल, पण दारावर वर्षभर प्लॅस्टिक, का तर पॉलिश खराब होईल. फोटोग्राफर येणार म्हणून कोटा फरशीवर सतरंजी अंथरलेली. ज्याच्यासाठी पैसा ओतला ते सगळं झाकून ठेवायचं आणि मग म्हणायचं, काढा फोटो. मी हात जोडायचो, समजावायचो, घसा कोरडा करायचो. शेवटी कॅलेंडरसकट फोटो काढून घरी यायचो.

जळोचीच्या अशाच एका बंगल्यात म्हस्कू मिस्त्री मला पहिल्यांदा भेटले. तिथला गोल वळणाचा जिना मला टिपायचा होता आणि त्या जिन्यावर मालकाचं अख्खं खटलं उभं होतं. मोजून एकोणीस माणसं, त्यांतली दोन कडेवर. मी म्हणत होतो, एकच फोटो रिकाम्या जिन्याचा घेऊ द्या. मालक म्हणत होते, रिकाम्या जिन्यात काय बघायचंय? कोपऱ्यात एक उंच, वाळकासा माणूस धोतर आणि टोपी घालून उभा होता. राहिलेलं किरकोळ काम उरकायला आला असावा. तो पुढं आला आणि मालकाला अगदी अदबीनं म्हणाला, "दादा, जिना आतून अजून ओला हाय. एवढं वजन एका टायमाला नगं."

एकोणीस माणसं एका मिनिटात खाली. मी पटापट चार फोटो घेतले. नंतर हळूच विचारलं, "खरंच ओला आहे?"

"आठ म्हैनं झालं वाळून. हत्ती चढवा." ते म्हणाले. "मानसं काय, उद्या बी असत्यात. रिकामा जिना परत घावायचा न्हाय तुमाला."

"बांधला कुणी?"

"म्या."

त्या दिवसापासून मी त्यांना तात्या म्हणू लागलो आणि ते मला फोटूवालं.

तात्या पिंपळीचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, वर्षातले आठ महिने पायांवर जायचे. तात्यांच्या लहानपणी कळप विकला गेला आणि ते एका गवंड्याच्या हाताखाली लागले. विटा रचणारे, प्लास्टर करणारे मिस्त्री आमच्याकडं पुष्कळ. तात्या फक्त जिने बांधायचे. नकाशा त्यांना वाचता यायचा, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं जिना खऱ्या मापाचा आखायचे आणि दोन दिवस त्या रेघांवरून चालत राहायचे. बघणाऱ्याला वाटावं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

जिन्याबाबत त्यांचे कायदे पक्के होते. पायऱ्या विषम हव्यात. चढताना "लाभ, तोटा, लाभ, तोटा" असं मोजत जायचं आणि शेवटची पायरी लाभावर यायला पाहिजे. दुसरा कायदा त्याहून कडक. जिना देवळातल्या प्रदक्षिणेसारखा उजवीकडं वळत चढला पाहिजे. "देवाला फिरतो तसा," ते म्हणायचे. "उलटा फेरा फकस्त सरणाभवती." हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

कुठंही गेले तरी त्यांचे पाय मोजत असायचे. एकदा एका सरकारी कचेरीत माझ्याबरोबर आले होते. माझं काम होईपर्यंत ते खाली जिन्यासमोर बसून राहिले. मी आल्यावर म्हणाले, "सातवी पायरी अर्धा इंच जास्त हाय. बसा हितं, गंमत बघा." आम्ही बसलो. दर तिसरा माणूस सातव्या पायरीला अडखळत होता, आणि प्रत्येक जण स्वतःच्या चपलेकडं बघून पुढं जात होता. मला हसू येत होतं. तात्यांना येत नव्हतं. "चुकला मिस्त्री आन् मानूस बघतोय चपलीकडं," ते म्हणाले.

मी माझे फोटो त्यांना मोठ्या हौसेनं दाखवायचो. ते बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "चांगला हाय. पन जिना डोळ्याला न्हाय कळत, पायाला कळतो."

"तात्या, माझा धंदा डोळ्यांचा आहे."

"म्हनून तर तुमचं अवघड हाय."

असा माणूस. कौतुक करावं तर करू द्यायचं नाही आणि चिडावं तर चिडूही द्यायचं नाही.

कोऱ्हाळे बुद्रुकचा प्रसंग तर मी अजून विसरलो नाही. तिथं आर्किटेक्ट साहेबांनी अठरा पायऱ्या काढल्या होत्या, सात-सात इंचांच्या. तात्यांनी काम सुरू करण्याआधी मालकाच्या आईला बाहेर बोलावलं. ऐंशीच्या आसपासची म्हातारी. तिच्यासमोर एक एक वीट ठेवून, वीट आडवी-उभी करून, खाली फरशीचे तुकडे सरकवून ते तिला पाय टाकायला लावत होते. सहा इंचांपर्यंत ती न कण्हता चढली. पुढं गुडघ्याला हात गेला. तात्यांनी नकाशा गुंडाळून ठेवला आणि एकवीस पायऱ्या बांधल्या. साहेब आठ दिवसांनी पुण्याहून आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तात्यांना झाडलं. तात्या खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "सायेब, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गुडघ्याचं माप घ्यावं. बाकीची आपसूक चढत्यात." तोवर म्हातारी वरच्या गच्चीवर जाऊन उभी होती आणि तिथून सुनेला हाका मारत होती. साहेबांनी जिना तसाच राहू दिला.

पुढं वर्षभरानं त्या बंगल्यावर पुण्यातल्या एका घरसजावटीच्या मासिकात लेख आला. फोटो माझे. मजकुरात साहेब म्हणत होते, "ज्येष्ठांचा विचार करून मी पायऱ्यांची उंची मुद्दाम कमी ठेवली." मी ते वाचून संतापलो. मासिक घेऊन तात्यांकडं गेलो आणि त्यांच्यापुढं आपटलं. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडून मजकूर वाचून घेतला.

"आमची कारभारीन म्हनती," मग ते म्हणाले, "पस्तीस वर्सं जिनं-जिनं करताय, एक तरी दाखवा की. आता कुनाच्या बंगल्यात न्हिऊ तिला? वास्तुशांत झाली की मिस्त्री भाईरचा मानूस. आमच्या घराला तर वरचा मजलाच न्हाय." आणि माझ्याकडं न बघता, "नाव आसतं फोटूखाली, तर तिला दाखवलं आसतं."

त्यांनी माझ्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. मी मनाशी ठरवलं, की पुढच्या वेळी काही झालं तरी तात्यांचं नाव छापून आणायचं.

पुढची वेळ इंदापूरच्या बंगल्याची आली. तिथला जिना म्हणजे तात्यांच्या आयुष्याची कमाई. दिवाणखान्याच्या मधोमध, खाली खांब नाही, बाजूला भिंत नाही, नुसता उजवीकडं वळत वर गेलेला. खालच्या बाजूचं प्लास्टर इतकं सफाईदार की हात फिरवत राहावं. मी पुण्याहून खास स्लाइडची फिल्म आणली. सकाळी नऊ ते दुपारी चार, खिडकीतला उजेड सरकेल तसा मी सरकत होतो. मालकाला तात्यांनी आधीच शेतावर पिटाळलं होतं, पंप बंद पडल्याची थाप मारून. एकाही माणसाशिवाय, एकाही कॅलेंडरशिवाय मी तो जिना टिपला. माझ्या धंद्यातला तो सगळ्यात चांगला फोटो. अजूनही तसंच म्हणतो.

मासिकाच्या संपादकांना मी दोन पत्रं लिहिली, एकदा स्वतः जाऊन भेटलो. नाव छापणार असाल तरच फोटो देतो, असं ठणकावून सांगितलं. ते कबूल झाले. मग मी स्लाइड पाठवली. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला रंगीत फिल्मचा तुकडा. तिला सुलट बाजू असते आणि उलट बाजू असते; सुलट बाजू वर धरून छापायचं. सुलट बाजूच्या पुठ्ठ्यावर माझा शिक्का होता, साहेबांचं नाव होतं, जागा उरली नव्हती. आणि मला तर तात्यांचं नाव ठळक लिहायचं होतं. मी स्लाइड पालथी केली आणि मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं: "जिना – म्हस्कू मिस्त्री, पिंपळी." अक्षर चांगलं घोटून काढलं.

अंक आला तेव्हा मी स्टुडिओ बंद करून थेट पिंपळीला गेलो. दोन पानं भरून जिना आणि खाली स्वतंत्र ओळीत तात्यांचं नाव. तात्यांच्या घरासमोर बाजेवर मी तो अंक उघडून ठेवला आणि खालचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांच्या कारभारणीनं, पारूबाईंनी, पदराला हात पुसले आणि वाकून बघितलं. "एवढा मोठा?" त्या म्हणाल्या. "आन् खांब कुठाय? हे काय धरून उभं हाय?" त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं, ते बघण्यासाठी मी आणखी दहा पत्रं लिहिली असती.

तात्या मात्र अंकावर वाकले. त्यांनी पहिल्या पायरीवर बोट ठेवलं, हळूहळू वर नेलं, परत खाली आणलं, परत वर नेलं.

"ह्यो माझा न्हाय," ते म्हणाले.

"तात्या, काय बोलताय? तुमचाच आहे. मी दिवसभर उभा राहून काढलाय."

"माझा उजवा वळतो. ह्यो डावा वळतोय."

मी अंक ओढून घेतला. खिडकी दुसऱ्या बाजूला गेली होती. दार दुसऱ्या बाजूला गेलं होतं. आरशात दिसावा तसा सगळा फोटो उलटा छापला गेला होता. छापखान्यातल्या माणसानं बघितलं असणार, एका बाजूला फिकट शिक्का, दुसऱ्या बाजूला लाल ठळक अक्षरं. त्यानं अक्षरांची बाजू सुलट धरली. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

"नाव तर तुमचंच हाय की वो," पारूबाई म्हणाल्या.

"व्हय," तात्या म्हणाले. "नाव माझंच हाय."

मी तिथंच त्यांना सगळं सांगितलं. शिक्का, जागा, लाल शाई. हात जोडले. ते म्हणाले, "तुमी नाव ल्ह्यायला गेलासा आन् जिना फिरला. व्हतं आसं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एरवी ते मासिक आमच्याकडं कुणी वाचायचं नाही. पण इंदापूरच्या बंगल्याचा फोटो आलाय म्हटल्यावर अंक हातोहात फिरला. तो काळ वास्तूच्या खुळाचा होता. माणसं चांगली स्वयंपाकघरं पाडून दिशा बदलत होती. पुण्याचे एक वास्तुवाले तर ती दोन पानं कापून बरोबर घेऊन हिंडू लागले. उलटा जिना कसा असतो आणि तो घरात का नको, याचा दाखला म्हणून. खाली नाव होतंच. तात्यांची ठरलेली दोन कामं महिन्याभरात गेली. मग तिसरं गेलं. पिंपळीचा म्हस्कू उलटे जिने बांधतो, ही गोष्ट बारामतीतून इंदापुरात आणि तिथून परत बारामतीत आली.

मी काय करायचं बाकी ठेवलं? संपादकांशी भांडलो. त्यांनी पुढच्या अंकात शेवटच्या पानावर खुलासा छापला, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि तो अंक आमच्याकडं कुणी पाहिलाच नाही. मी फोटोची मोठी सुलट प्रत काढली, तिला चौकट केली, दारोदार दाखवली. लोक एका हातात मासिक धरायचे, दुसऱ्या हातात माझा फोटो आणि म्हणायचे, "तुमी त्येंचं दोस्त. फोटू काय, कसा बी काढता येतो. ह्ये पुन्यात छापलंय." शेवटी दोन गिऱ्हाइकांना माझ्या मोटारसायकलवर एकामागं एक बसवून इंदापूरला नेलं आणि खरा जिना दाखवला. वर चढवलं, खाली उतरवलं. खाली आल्यावर त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "बोंबाबोंब झाल्यावर फिरवून घेतला आसंल." सिमेंट-सळईचा जिना. फिरवून घेतला असेल. मी त्या दिवशी रस्त्याकडेला गाडी थांबवून एकटाच मोठ्यानं ओरडलो होतो. बंगल्याच्या मालकानंही मला नंतर बजावलं, "माझ्या घराची जत्रा करू नका."

दोन वर्षं तात्यांनी कंपाउंडच्या भिंती बांधल्या, गोठ्यांचे कोबे केले, संडासांना प्लास्टर केलं. मी भेटलो की म्हणायचे, "चाललंय." मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटायची. मग माझं जाणंही कमी झालं, हे कबूल केलं पाहिजे.

एके दिवशी भिगवण रस्त्यावरच्या एका नव्या बंगल्याचं फोटोचं काम आलं. दुधाच्या धंद्यात वर आलेला तरुण मालक, बोलायला मोकळा. "मला वास्तूबिस्तूचं काय न्हाय," तो फोनवर म्हणाला. "जिना मात्र एक नंबर झालाय. मासिकात बघून ठेवला होता. तसाच्या तसा पाहिजे म्हटलं, आणि त्यात नाव होतं तोच मिस्त्री शोधून आणला."

मी पोचलो तेव्हा जिना पुसून लख्ख करून ठेवलेला होता. डावीकडं वळत, खांबाशिवाय, वर गेलेला. तसाच्या तसा. छापखान्यानं जे केलं होतं, ते सिमेंटमध्ये उभं होतं. तात्या खालच्या पायरीजवळ आपली थापी, ओळंबा पोत्यात भरत होते. बरेच थकले होते.

"तात्या, का केलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "कामासाठी? मला सांगायचं. काहीही केलं असतं मी."

ते पोतं बांधत राहिले. "कामासाठी न्हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं ज्येला-त्येला सांगत बसलो, म्या न्हाय केला, म्या न्हाय केला. कुनी आयकंना. लोकं म्हनत्यात, म्हस्कूनं उलटा जिना केला. आता केला. आता खोटं कुनीच न्हाय, छापनारा बी न्हाय आन् म्हननारा बी न्हाय."

मालक आतून चहा सांगत होता. मी उगीचच तिपाई उघडली, कॅमेरा चढवला. या जिन्याला माणूस लागत नाही हे मला ठाऊक होतं, तरी म्हणालो, "तात्या, जिन्यापाशी उभे राहा. निदान तुमचा एक फोटो काढतो."

त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं. टोपी नीट केली.

"फोटू कशाला?" ते म्हणाले. "ह्येचा फोटू आधीच छापून आलाय की. नावासकट."

आणि ते दारातून बाहेर पडून एसटीच्या थांब्याकडं चालू लागले.